पाठीवरची थाप आणि गुणांची वही

(मंडळाच्या गणेशोत्सवातील बौद्धिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे छापताना घातले आहेत.)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक बोलले, डॉक्टर बोलले, कीर्तनकार बोलले. मी यांपैकी कोणी नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या नोकरीत उपयंत्री म्हणून लागलो. रस्ते, मोऱ्या आणि एम.बी. भरणं यात बावीस वर्षं गेली. त्यामुळे मी व्याख्यान देणार नाही. एक चूक केली होती, ती सांगणार आहे. ती का झाली हे समजून घेताना जे वाचलं, जे दिसलं, तेही सांगणार आहे.

विषय आहे कौतुकाचा. बिनपैशाचं काम करणाऱ्या माणसाला शाबासकी कशी द्यावी, कोणी द्यावी, आणि ती कधी उलटते. हा प्रश्न आपल्या मंडळापुढे दर वर्षी असतो. पण मला तो पहिल्यांदा नीट कळला तो मंडळात नाही, तर इंटरनेटवर, विकिपीडियात काम करताना.

विकिपीडिया आपण सगळेच वाचतो. पण तो लिहितं कोण, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत तो सुरू झाला. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनालाच. तो लिहिणारे सगळे तुमच्या-माझ्यासारखे लोक. पगार नाही, मानधन नाही, लेखाखाली नाव नाही. तुम्ही रात्री दोन तास बसून एखाद्या घाटावर किंवा नदीवर लेख लिहिलात, तर सकाळी तो वाचणाऱ्याला तुमचं नावही दिसत नाही. 'इतिहास' नावाच्या पानावर जाऊन पाहिलं तरच कळतं.

मी २०१४ च्या सुमारास यात शिरलो. कारण साधं होतं. इंदूरच्या छत्र्यांबद्दल, माळव्यातल्या जुन्या पुलांबद्दल मराठीत वाचायला काही सापडेना. म्हटलं, आपण लिहू. दोन वर्षं लिहीत होतो. घरच्यांना वाटायचं की मी मोबाईलवर वेळ घालवतो. एका रात्री उघडून पाहतो तर माझ्या चर्चापानावर कोणी अनोळखी माणसानं एक चांदणीचं चित्र लावलेलं. खाली दोन ओळी होत्या. पुलांच्या लेखांत तुम्ही मोजमापं आणि बांधकामाचं वर्ष तपासून लिहिता, ते उपयोगी पडतं, असा त्यांचा अर्थ.

मित्रहो, मला खात्यातर्फे पंधरा ऑगस्टला एकदा प्रशस्तिपत्र मिळालं आहे. ते घरात फ्रेम करून लावलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्यावर लिहिलं आहे 'उत्कृष्ट कार्याबद्दल'. कोणतं कार्य, ते लिहिलेलं नाही. त्या चांदणीखाली मात्र नेमकं लिहिलं होतं. मी वर्ष तपासतो हे कोणाला तरी दिसलं होतं. त्या रात्री मला साडेबारापर्यंत झोप आली नाही, आणि खरं सांगायचं तर मी उठून आणखी एक लेख पुरा केला.

या चांदणीला तिकडे 'बार्नस्टार' म्हणतात. बार्न म्हणजे अमेरिकेतल्या शेतावरचं धान्याचं नि गुरांचं मोठं लाकडी कोठार. ते एकट्याच्या बळावर उभं राहत नाही. आजूबाजूचे शेतकरी गोळा व्हायचे आणि एकजुटीनं ते उभं करायचे. आपल्याकडे खेड्यात इर्जिक घालतात, तसाच प्रकार. सगळ्यांनी मिळून एकाचं काम करायचं, आणि त्यानं जेवू घालायचं. अशा कोठारांच्या दर्शनी भागावर धातूची चांदणी लावायची पद्धत होती. तिच्यावरून विकिपीडियावाल्यांनी २००३ च्या डिसेंबरात ही प्रथा सुरू केली. चांगलं काम दिसलं की करणाऱ्याच्या पानावर चांदणी लावायची.

तिचे नियम लक्षात घेण्यासारखे आहेत. ती कोणीही कोणालाही देऊ शकतो. तिच्यासाठी समिती नाही, ठराव नाही, अर्ज नाही. देताना कारण लिहायचं. तिची किंमत शून्य आहे, ती दाखवून बसमध्ये जागा मिळत नाही. वर्षाला अमुक इतक्याच, असा हिशेबही नाही. म्हणजे तुम्हाला मिळाली म्हणून माझी गेली, असं होत नाही. २०१३ पासून तर तिथे आणखी सोपी सोय आहे. कोणी केलेल्या एखाद्या दुरुस्तीपुढे 'धन्यवाद' असं असतं, ते दाबलं की त्या माणसाला निरोप जातो. बस, एवढंच.

आता कोणी म्हणेल, हे सगळं मनाचे खेळ. खरंच फरक पडतो का? मलाही हाच प्रश्न पडला. शोधल्यावर कळलं की यावर चक्क प्रयोग झाले आहेत.

न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातल्या मायकेल रेस्टिव्हो आणि आर्नाउट व्हान डे राइट या दोघांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी विकिपीडियावर सर्वांत जास्त काम करणारे जे वरचे एक टक्का लोक, त्यांतून काही जण त्यांनी निवडले. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसं करून त्यांतल्या काहींना चांदणी दिली आणि बाकीच्यांना दिली नाही. गुण पाहून नव्हे, निव्वळ नशिबावर. चिठ्ठ्याच का, तर दोन्ही गट सारखे असावेत म्हणून. नाहीतर चांदणीमुळे काम वाढलं, की मुळात जास्त काम करणाऱ्यालाच चांदणी मिळाली, हे कळणार कसं? निष्कर्ष असा आला की चांदणी मिळालेल्यांचं काम न मिळालेल्यांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी वाढलं. एका चित्राने आणि दोन ओळींनी!

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. ज्याला एक चांदणी मिळाली, त्याला इतरांकडून आणखी चांदण्या मिळण्याची शक्यता सहापट झाली. हे ऐकून मला आपलं मंडळ आठवलं. रागावू नका, पण आपल्याकडेही शाल-श्रीफळाचं असंच आहे. एकदा ज्याचा सत्कार झाला, त्याचा पुढे रौप्यमहोत्सवाला होतो, कोजागरीला होतो, बाहेरून पाहुणा आला की त्याच्या हस्तेही होतो. त्या माणसाची पात्रता असतेच. पण आपली नजर सवयीनं तिकडेच जाते, आणि मांडवाच्या मागच्या बाजूला कोण काम करतंय तिकडे ती वळत नाही.

याच मंडळींनी पुढे २०१४ साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. यावेळी चांदणी फार काम करणाऱ्यांना दिली, तशीच मध्यम आणि त्याहून कमी करणाऱ्यांनाही दिली. अपेक्षा अशी की ज्याला वाढायला जास्त वाव आहे, त्याचं काम जास्त वाढेल. झालं उलटं. काम वाढलं ते आधीच भरपूर करणाऱ्यांचंच. कमी काम करणाऱ्यांचं वाढलं नाहीच, उलट चांदणी मिळालेले त्यांतले काही जण लवकर गळाले. का, याचा माझा अंदाज असा की ज्यानं थोडंच केलं आहे, त्याला मोठी शाबासकी दिली की त्याला ती खरी वाटत नाही. किंवा 'चला, आपलं झालं' असं वाटतं. लग्नात अक्षता पडल्या की लांबचे पाहुणे चपला शोधू लागतात, तसं.

मग नव्या माणसाचं काय करायचं? त्याचं कौतुक करूच नये का? तर याना गालुस या संशोधिकेचा जर्मन विकिपीडियावरचा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात याचं उत्तर आहे. त्यांनी चार हजारांहून अधिक अगदी नव्या लेखकांचा विचार केला. त्यांतल्या चिठ्ठीनं निवडलेल्यांना एक निव्वळ प्रतीकात्मक पुरस्कार दिला. त्याला एडलवाइस या आल्प्स पर्वतातल्या फुलाचं नाव होतं. तो मिळालेल्यांत पुढच्या महिन्यात लिहीत राहणाऱ्यांचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी जास्त निघालं. आणि हा परिणाम एका महिन्यात विरला नाही, पुढची चारही तिमाही टिकून होता. म्हणजे दारात नुकतं पाऊल टाकलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणण्याची किंमत फार मोठी आहे. त्यावेळी त्याला पदक नको असतं. आपण आलेलं कोणाला तरी दिसलं, एवढं हवं असतं.

हे मला घरच्या अनुभवानं पटलं. माझ्या मुलीनं सातवीत असताना या मांडवात माइकवर कार्यक्रमाची सूचना वाचली होती. आमच्या इंदुरी मराठीप्रमाणे तिनं 'मी काल आली होती' असं म्हटलं. पुढच्या रांगेत हशा पिकला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, एका आजोबांनी तर प्रेमानं 'आले होते म्हण बाळ' असं जागेवरूनच सुचवलं. पण त्यानंतर चार वर्षं ती माइकसमोर गेलेली नाही. विकिपीडियावरही मी हे पाहिलं आहे. नवा मुलगा पहिला लेख लिहितो, ऱ्हस्व-दीर्घाच्या दहा चुका असतात, आणि त्याला पहिला निरोप येतो तो चुकांचा. दुसरा लेख मग येत नाही. आपण पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेली माणसं. आपल्या मुलांचं मराठी हा आपल्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ते शुद्ध व्हायला हवं हे मान्य. पण आधी ते बोललं जायला हवं.

आतापर्यंत मी शाबासकीची चांगली बाजू सांगितली. आता दुसरी सांगतो.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी 'स्टॅक ओव्हरफ्लो' नावाचं एक ठिकाण २००८ पासून आहे. एकानं अडचण विचारायची, दुसऱ्यानं सोडवायची. तिथे सगळं गुणांवर चालतं. तुमचं उत्तर कोणाला आवडलं की तुम्हाला १० गुण. विचारणाऱ्यानं तुमचं उत्तर मान्य केलं की १५. शिवाय निरनिराळे बिल्ले. उदाहरणार्थ, इतरांच्या प्रश्नोत्तरांवर ३०० वेळा मत दिलं की एक बिल्ला मिळतो, त्याचं नावच 'नागरी कर्तव्य' अशा अर्थाचं आहे. अँडरसन, हटनलॉकर, क्लाइनबर्ग आणि लेस्कोव्हेक या चौघांनी २०१३ साली तिथल्या लोकांच्या वागण्याचा अभ्यास मांडला. त्यांना दिसलं की बिल्ला जवळ आला की लोकांची मतं भराभर वाढतात, आणि बिल्ला हातात पडला की झपाट्यानं कमी होतात. म्हणजे नागरी कर्तव्य ३०० पर्यंत, पुढे रामराम.

याहून जुना एक प्रयोग आहे, तो लहान मुलांवरचा. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो केला होता. चित्रं काढायला मनापासून आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं, फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही सांगितलं नाही, पण चित्र काढून झाल्यावर अचानक तेच प्रमाणपत्र दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं नुसती ठेवून दिली आणि कोण किती वेळ चित्रं काढतं ते पाहिलं. आधी बक्षीस कबूल केलेल्या मुलांनी बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. प्रमाणपत्र तेच होतं. फरक होता तो आधी कबूल करण्याचा. आधी कबूल केलं की मजेचं काम मजुरीचं होतं.

हे मी वाचलं नंतर. त्याआधी दोन चुका करून बसलो होतो.

पहिली विकिपीडियावरची. तिथे तुम्ही एकूण किती बदल केले याचा आकडा दिसतो. माझा हजाराच्या जवळ आला तसं मला त्याचं वेड लागलं. तीन रविवारांत मी चाळीसेक गावांची पानं तयार केली. प्रत्येकात तीच तीन वाक्यं, फक्त गावाचं आणि तालुक्याचं नाव बदललेलं. आकडा हजारावर गेला. मग एका जाणत्यानं फार नम्रपणे लिहिलं की ही पानं वाचून वाचकाला काय मिळेल, ते कृपया सांगा. मला उत्तर देता आलं नाही. वर्ष तपासतो म्हणून ज्याला चांदणी मिळाली, तोच मी.

दुसरी चूक आपल्या मंडळातली. तीन वर्षांपूर्वी स्वयंसेवक मिळत नाहीत अशी चर्चा चालू होती. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, गुण देऊ या. व्हॉट्सॲप गटावर रोज तक्ता टाकायचा. वर्गणीची एक पावती फाडली की एक गुण. आरतीला वेळेवर हजर, दोन गुण. आनंदमेळ्यात स्टॉलवर बसलं तर पाच. शेवटच्या दिवशी पहिल्या तिघांना पदक. तक्ता मी स्वतः एक्सेलमध्ये करत होतो, रंगीत.

पहिले तीन दिवस सगळे खूष. चौथ्या दिवशी खजिनदार माझ्याकडे पावतीपुस्तक घेऊन आले. एकाच घराच्या पाच पावत्या होत्या, शंभर-शंभरच्या चार आणि एकशे एकची एक. पाचशे एकाची एक पावती फाडली तर एकच गुण मिळतो ना! मी हसण्यावारी नेलं. सहाव्या दिवशी रात्री अकराला कार्यक्रम संपला आणि सतरंज्या तशाच पडून होत्या. दर वर्षी पोरं सांगावं न लागता उचलायची. एकाला म्हटलं, अरे, घड्या घाला. तो सहज म्हणाला, "दादा, याचे गुण आहेत का?" त्यात उद्धटपणा नव्हता. मीच त्याला शिकवलं होतं.

आणि सातव्या दिवशी आमच्या एक काकू आल्या नाहीत. नाव घेत नाही, तुम्ही ओळखलंच असेल. पहाटे फुलं निवडणं, दूर्वांच्या जुड्या, कापसाची वस्त्रमाळ, नैवेद्याचे मोदक, हे सगळं त्या पंचवीस वर्षांहून जास्त काळ करत आल्या होत्या. निरोप आला, गुडघे दुखतात. मी दोन दिवसांनी भेटायला गेलो. चहा झाला. गुडघ्याची चौकशी झाली. मग त्या म्हणाल्या, "अरे, मला नंबर नको होता रे. पण नातू रोज तो तक्ता वाचून दाखवायचा. त्यानं विचारलं, आजी, तुझं नाव कुठेच कसं नाही? तू तिथे काय करतेस?"

मी तक्ता करताना मोदकाला गुण ठेवलेच नव्हते. विसरलो होतो. विसरलो याचं कारणही मला नंतर कळलं. जे मोजायला सोपं, तेच मी तक्त्यात घेतलं होतं. पावती मोजता येते, हजेरी मोजता येते. काकूंचं काम मोजण्यासारखं नव्हतं, म्हणून ते माझ्या लेखी नव्हतंच. पंचवीस वर्षं कोणी आभार मानले नाहीत, त्यानं त्यांना काही वाटलं नव्हतं. आम्ही यादी केली आणि त्यांना यादीबाहेर ठेवलं, तेव्हा लागलं.

मोजमाप हे माझं रोजचं काम आहे. रस्त्याची जाडी मोजतो, खडीचे घनमीटर मोजतो. त्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही आणि निघूही नये. पण तो पैशाचा व्यवहार आहे. मंडळात मी तोच फूटपट्टीचा हात घेऊन आलो. ज्या कामाचं बिल नाही, त्याचं मी एम.बी. भरायला बसलो.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा बक्षिसांच्याच विरुद्ध आहे. तसं नाही. आपल्या इंदूरची अनंत चतुर्दशी पाहा. गिरण्यांच्या झांक्या रात्रभर निघतात, सगळं शहर रस्त्यावर असतं. त्यांना बक्षिसंही असतात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधली बत्तीस वर्षं गिरणी नव्हती, पगार नव्हता, तरी त्या गिरणीच्या नावाची झांकी निघत होती. ती काही बक्षिसाच्या रकमेसाठी नव्हे. बक्षीस तिथे निमित्त आहे. खरं मोल आहे ते राजवाड्यापाशी उभ्या असलेल्या माणसानं शेजारच्याला 'ही हुकुमचंदची' असं म्हणण्याचं.

स्वच्छतेचंही तेच. २०१७ साली देशात आपल्या शहराचा पहिला नंबर आला आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिला. पण तो कोणा एकाचा नंबर नाही. तो सगळ्यांचा आहे, म्हणून चाटवाल्याकडे उभा असलेला माणूस अनोळख्याला टोकतो, 'भैया, कचरा डब्बे में.' ज्या मानात सगळ्यांचा वाटा आहे, तो मान लोक राखतात. एकाचं नाव वर चढवून बाकीच्यांना खाली ढकलणारा मान फार तर पहिल्या तिघांना बांधून ठेवतो.

आणि हेही खरं की कौतुकाची वस्तू छोटी असली म्हणून बिघडत नाही. विकिपीडियावर दर नोव्हेंबरात आशियाई महिना असतो. दुसऱ्या आशियाई देशांबद्दल ठरलेल्या संख्येनं लेख लिहिले की तेव्हा बक्षीस काय असायचं, तर एक पोस्टकार्ड. २०१७ च्या नोव्हेंबरात मी लिहिले. कित्येक महिन्यांनी, मी विसरूनही गेलो होतो तेव्हा, परदेशी तिकीट लावलेलं कार्ड घरी आलं. माझे वडील तेव्हा होते. त्यांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि विचारलं, "तू रात्री करतोस, ते हे का?" इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मग मी त्यांना तासभर बसून सगळं दाखवलं. बाजारात त्या कार्डाला रुपयासुद्धा कोणी देणार नाही. माझ्याकडे ते अजून आहे.

तर मग मंडळानं काय केलं, ते सांगून संपवतो. पुढच्या वर्षी गुणांचा तक्ता बंद झाला. मांडवाच्या दाराशी, चपलांच्या कपाटाजवळ, एक दोनशे पानी वही आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवलं. कोणीही त्यात लिहावं. अट एकच. स्वतःबद्दल लिहायचं नाही, आणि 'छान काम केलं' असं मोघम लिहायचं नाही. कोणी काय केलं आणि ते तुम्ही पाहिलं, एवढंच. संध्याकाळच्या आरतीनंतर त्यातल्या दोन नोंदी वाचून दाखवायच्या. पदक नाही, नंबर नाही.

यानं चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. स्वयंसेवकांची संख्या फारशी वाढलेली नाही. काही दिवस वहीत काहीच नसतं. काही जण मित्राकडून स्वतःबद्दल लिहून घेतात, तेही कळतं. पण सतरंज्या पुन्हा उचलल्या जाऊ लागल्या आहेत. आणि गेल्या वर्षी एका लहान मुलानं वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं की गेटवरच्या काकांनी माझी हरवलेली चप्पल टॉर्च घेऊन शोधून दिली. ती नोंद वाचली तेव्हा सगळ्यांनी मागे वळून गेटकडे पाहिलं. ते काका आठ वर्षांपासून तिथे बसतात. मला वाटतं, त्या दिवशी आपण त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

काकूही आल्या. पण पूर्वीसारखं पहाटे नाही. आता त्या नऊला येतात, मोदकाचं काम दोन सुनांकडे दिलं आहे आणि त्या बसून सांगतात. गुडघे खरंच दुखत असतील. माझ्या तक्त्याचा त्यात किती वाटा, हे मला ठाऊक नाही आणि विचारायचं धाडसही झालेलं नाही. मी त्यांची माफी मागितली, त्या म्हणाल्या, "जाऊ दे रे, तू चांगल्यासाठीच केलंस." हेच वाक्य मला जास्त लागतं. चांगल्यासाठीच केलं होतं.

म्हणून माझं सांगणं थोडक्यात इतकंच. शाबासकी द्यायला पदाधिकारी असावं लागत नाही, ती शेजारच्यानं दिलेली जास्त लागू पडते, कारण त्यानं काम पाहिलेलं असतं. देताना नेमकं काय पाहिलं ते सांगा. आधी कबूल करू नका. नव्या आलेल्याला चुका दाखवण्याआधी त्याचं येणं दिसल्याचं कळू द्या. आणि यादी करायचीच झाली, तर करण्याआधी एकदा मांडवाच्या मागच्या बाजूला फिरून या.

वही आजही दाराशी आहे. जाताना चपला घालाल, तेव्हा एक ओळ लिहा. आज सकाळी फुलं कोणी निवडली, निदान एवढं तरी विचारून लिहा.



गणपती बाप्पा मोरया!